ऊसबिल म्हणजे उत्पन्न नव्हे : मध्यम उत्पन्नाचे घर नेमके कोणते?



'मध्यम उत्पन्नाचे कुटुंब' हा शब्द अलीकडे फार कानांवर येतो. दिल्लीच्या अंदाजपत्रकात तो येतो, शहरातल्या घरकुलांच्या जाहिरातीत 'मध्यम उत्पन्न गट' म्हणून येतो, आणि पोरांच्या कॉलेजच्या फॉर्मवर 'कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न' या रकान्यात नाव न घेता येऊन बसतो. प्रश्न एवढाच, की तीन-चार एकर बागायत, दावणीला दोन जनावरं आणि वर्षाकाठी शंभर-सव्वाशे टन ऊस कारखान्याला घालणारा आपला सभासद त्यात बसतो की नाही? ज्याला विचारावे त्याचे उत्तर निराळे. आपले स्वतःचे उत्तर तरी कुठे एक आहे? सोयरीक जमवताना आपण सगळेच बागायतदार असतो, आणि दाखल्याच्या रांगेत सगळेच अल्पभूधारक!

ही झाली चेष्टा. पण दरवर्षी जून-जुलैत गट ऑफिसांतून ऊसबिलाचा उतारा मागायला जी गर्दी होते, ती चेष्टेची नव्हे. कुणाला पोरीच्या इंजिनिअरिंगसाठी फीची सवलत हवी असते, कुणाला बँकेत शैक्षणिक कर्जाची फाईल द्यायची असते. उताऱ्यावर कारखान्याने अदा केलेली रक्कम असते. तीच रक्कम पुढे कुणीतरी 'उत्पन्न' म्हणून उचलतो आणि मिळायची ती सवलत हुकते. उलट बाजूही आहे. तोच उतारा घेऊन दुसरा सभासद चारचाकीच्या शोरूममध्ये जातो, तिथला माणूस तोच आकडा बघून कर्ज मंजूर करतो, आणि तिसऱ्या वर्षी गाडीचा हप्ता आणि सोसायटीचा भरणा एकाच महिन्यात दारात उभे राहतात. एकाच आकड्याने एकाचं पोरगं अडतं आणि दुसऱ्याचं घर बुडतं. म्हणून हा विषय या अंकात जरा सविस्तर घ्यावा असे आम्हांस वाटले.

कागदावर दिसणारा एकमेव शेतकरी

आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. ज्वारीवाला, भाजीवाला, कांद्यावाला शेतकरी आपला माल चार बाजारांत चार वेळा विकतो. थोडा रोखीने, थोडा उधारीने, थोडा घरीच खातो. त्याची वर्षाची बेरीज त्याला स्वतःलासुद्धा बोटांवर मोजून सांगावी लागते. ऊसवाल्याचे तसे नाही. त्याचा सगळा माल एका काट्यावर मोजला जातो, एकाच ठिकाणाहून बिल निघते आणि ते थेट बँकेच्या खात्यावर पडते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्याने नोकरदाराकडे असतो तसा आयकराचा कागद शेतकऱ्याकडे नसतो. सगळ्या शेतकऱ्यांत ठळक लेखी कागद असतो तो ऊसकऱ्याकडेच.

ही आपली पत आहे, आणि हीच आपली अडचणही आहे. कारण नोकरदाराच्या पगारपत्रकावर असते ती त्याची मिळकत, आणि आपल्या बिलावर असते ती मालाची किंमत. दुकानदाराच्या गल्ल्यात दिवसभरात जमलेले पैसे म्हणजे त्याचा नफा, असे कुणी म्हणेल का? पण ऊसबिलाच्या बाबतीत ते रोज म्हटले जाते, आणि बोलणाऱ्यांत आपणही असतोच. "औंदा अमक्याचे चार लाख झाले" असे पारावर बोलतो, तेव्हा त्या चार लाखांतले खत, बेणे, मशागत, पाणीपट्टी कोण मोजतो?

चार एकरांच्या घराचा हिशेब

नमुन्यादाखल एक घर घेऊ. हे कुणा एका सभासदाचे घर नव्हे, हिशेब समजावा म्हणून मांडलेले आहे. आकडे सोपे केलेले आहेत. ज्याने त्याने आपले आकडे घालून पाहावेत.

घरात सहा माणसे : म्हातारा-म्हातारी, कर्ता आणि त्याची कारभारीण, दोन शिकणारी मुले. रान चार एकर, सगळे पाण्याखाली. त्यातले तीन एकर उसाला. दीड एकर लागण आणि दीड एकर खोडवा. लागणीला एकरी ४० टन आणि खोडव्याला ३२ टन धरू. कुणी म्हणेल आमच्यात ऐंशी निघतो. त्याचे अभिनंदन, पण गावोगावचा सर्वसाधारण फड ऐंशीचा नसतो हे चिटबॉयला विचारा. तर लागणीचे ६० टन आणि खोडव्याचे ४८, मिळून १०८ टन.

आता दर. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली, आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्यास ३ रुपये ४६ पैसे जादा. उतारा जास्त असेल तिथे दर वाढतो. मग त्यातून आपल्याकडे तोडणी-वाहतूक वजा होते. हिशेबाला सोपे जावे म्हणून हाती पडणारा दर टनाला ३,००० रुपये धरू. म्हणजे उसाचे बिल झाले ३,२४,०००.

खर्चाची बाजू बघा. नांगरट, सरी, बेणे, लागणीची मजुरी, खताचे डोस, तणनाशक, बांधणी, लाइट बिल, पाणीपट्टी. आणि तोडीच्या वेळी टोळीला वरून द्यावी लागणारी ती 'खुशाली', जिची पावती कुणी देत नाही. लागणीला एकरी ५६,००० आणि खोडव्याला ३२,००० धरले, तर दीड-दीड एकराचे अनुक्रमे ८४,००० आणि ४८,००० झाले. बेरीज १,३२,०००. बिलातून वजा जाता राहिले १,९२,०००. एकरी ६४,००० रुपये. हा आकडा पुढे दोन-तीनदा लागणार आहे, ध्यानात ठेवा.

उरलेल्या एकरात सोयाबीन आणि मागून हरभरा. विक्री पन्नास हजारांची, खर्च जाता पंचवीस. दोन गाईंचे डेअरीला जाणारे दूध वर्षाला सव्वा लाखाचे. पेंड, सुका चारा, डॉक्टर, भाकड काळ हे सगळे वजा केले तर ४८,००० राहिले म्हणजे चांगले राहिले. पीएम-किसानचे ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,०००, असे १२,०००.

आता दोन बेरजा करू. घरात आलेला एकूण पैसा : ऊस ३,२४,०००, रानातले इतर पीक ५०,०००, दूध १,२५,००० आणि योजनांचे १२,०००. झाले ५,११,०००. पासबुक उघडून बघणाऱ्याला हे घर पाच लाखांच्या वरचे दिसते. खर्च जाऊन खरोखर राहिलेले मात्र १,९२,००० अधिक २५,००० अधिक ४८,००० अधिक १२,०००, म्हणजे २,७७,०००. पाच लाख अकरा हजार आणि दोन लाख सत्त्याहत्तर हजार, यांतला फरक म्हणजेच आजच्या लेखाचा विषय.

अजून संपले नाही. या घरावर पाइपलाइनचे किंवा ठिबकचे मध्यम मुदतीचे कर्ज असतेच. वर्षाचा हप्ता ४०,००० धरू. हप्ता ही काही उत्पन्नातली घट नव्हे, पण तो भरल्यावरच घरखर्चाला काय उरते ते कळते. उरले २,३७,०००. यात घरचे खाल्लेले धान्य, घरात ठेवलेले दूध, परड्यातली भाजी यांची किंमत मिळवली पाहिजे, नाहीतर हिशेब लबाडीचा होईल. ती ४२,००० धरू. झाले २,७९,०००. सहा माणसांत वाटले की माणशी महिन्याला ३,८७५ रुपये.

केंद्र सरकारने २०२३-२४ मध्ये देशभर घरखर्चाची जी पाहणी केली, तीत ग्रामीण भारतात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये निघाला, शहरात ६,९९६. म्हणजे शंभर टनांवर ऊस घालणारे, गावात 'बरं चाललंय' असे ज्याला म्हणतात, ते घर खर्चाच्या ऐपतीत खेड्यांतल्या देशभराच्या सरासरीच्याही थोडे खालीच राहते! हे घर उपाशी नाही, उघडे नाही. डोक्यावर स्लॅब आहे, दारात मोटारसायकल आहे. पण एक बाळंतपण अडले किंवा एक हंगाम हुमणीने खाल्ला की ते कुठे जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

सरकारी मोजपट्ट्या किती?

आता कुणी म्हणेल, सरकार काय म्हणते ते सांगा. तर सरकारने 'मध्यम उत्पन्नाचे कुटुंब' अशी सर्वांसाठी एक व्याख्या केलेलीच नाही. प्रत्येक खात्याची पट्टी वेगळी आणि प्रत्येक पट्टी वेगळ्या सालची.

शिधापत्रिका बघा. महाराष्ट्रात १९९९ साली तीन रंगांची योजना आली : वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळी, पंधरा हजारांपासून एक लाखापर्यंत केशरी आणि एक लाख किंवा त्यावर शुभ्र. त्या साली लाख रुपये म्हणजे काय होते ते जुन्या माणसांना आठवेल. पुढे अन्नसुरक्षा कायदा आल्यावर प्राधान्य कुटुंबासाठी खेड्यात ४४,००० आणि शहरात ५९,००० ही मर्यादा ठरली. आमच्या नमुन्याचे घर या सगळ्या पट्ट्यांच्या वर आहे. शिधापत्रिकेच्या हिशेबाने ते 'शुभ्र', म्हणजे जवळपास श्रीमंतच!

नोकरी-प्रवेशातल्या आठ लाखांच्या मर्यादेची गंमत त्याहून न्यारी. आर्थिक दुर्बल घटकांसाठी २०१९ साली आरक्षण आले. त्यात केंद्राच्या नियमाप्रमाणे आठ लाखांच्या मोजणीत शेतीचे उत्पन्न धरतात आणि पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असली तर घर बाहेर पडते. इतर मागासवर्गाच्या नॉन-क्रीमी लेयरचीही मर्यादा आठ लाखांचीच, पण तिथे उत्पन्नाच्या कसोटीत शेतीचे उत्पन्न आणि पगार मोजत नाहीत; बागायतीची कसोटी वेगळी, कमाल धारणेच्या प्रमाणात लावतात. एकाच शिवेवरच्या दोन भावकीतले, सारखे टनेज, सारखे रान. एकाच्या फॉर्मवर ऊस मोजला जातो आणि दुसऱ्याच्या नाही. कोणता नियम बरोबर या वादात आम्ही पडत नाही. पण 'उत्पन्न' या शब्दाचा अर्थ फॉर्मागणिक बदलतो, एवढे प्रत्येक पालकाने समजून घ्यावे.

राज्याच्या लाडक्या बहिणीच्या योजनेत २०२४ साली अडीच लाखांची मर्यादा घातली, आणि घरात चारचाकी असेल तर लाभ नाही असे ठरले. ट्रॅक्टरला मात्र सूट दिली. हे नियम करणाऱ्यांत कुणीतरी शेतीतला माणूस असावा. ट्रॅक्टर म्हणजे चैन नव्हे, औत आहे, हे सरकारी कागदावर एकदा तरी लिहिले गेले.

सगळ्यात कामाची पट्टी शिक्षणाची. केंद्राच्या २०२४ च्या विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक संस्थांत शिकणाऱ्या मुलांना दहा लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जावर, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्याजात तीन टक्के सवलत आहे. आणि उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणकाळातले सगळे व्याज सरकार भरते. आता आमच्या नमुन्याच्या घराकडे पुन्हा बघा. जमा बाजू ५,११,०००, म्हणजे साडेचारच्या वर. खरे उत्पन्न २,७७,०००, म्हणजे साडेचारच्या कितीतरी खाली. त्या घरच्या पोरीचे व्याज सरकार भरणार की बाप भरणार, हे ठरते कागदावर कोणता आकडा गेला यावर.

एका ठिकाणी मात्र रंगाची भानगड मिटली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना पूर्वी मुख्यतः पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवाल्यांची होती. २०२३ साली ती राज्यातल्या सगळ्यांना लागू करण्याचे आणि वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देण्याचे ठरले. शुभ्र पत्रिकेवाले आमचे अनेक सभासद अजून समजतात की ती योजना आपली नाही. ती आपलीही आहे.

शंभर घरे बांधावर उभी केली तर

अर्थशास्त्री मंडळी 'मधले' घर कसे शोधतात ते सांगतो. गावातली शंभर घरे कमी उत्पन्नापासून जास्त उत्पन्नापर्यंत बांधावर ओळीने उभी करायची. पन्नासाव्या-एक्कावन्नाव्या घराशी जे उत्पन्न असेल ते मधले. सरासरी वेगळी आणि हे मधले वेगळे. सरासरीत एखादा पेट्रोल पंपवाला शिरला की सगळ्या गावाचा आकडा फुगतो, ओळीतले मधले घर मात्र हलत नाही. श्रीमंत देशांची 'ओईसीडी' नावाची संघटना या मधल्या आकड्याच्या पाऊणपटीपासून दुपटीपर्यंतच्या घरांना मध्यम उत्पन्नाची घरे म्हणते, आणि मोजताना घरातल्या खाणाऱ्या तोंडांचाही हिशेब धरते. पद्धत शहाणपणाची आहे. दोन लाख सत्त्याहत्तर हजार तीन माणसांत वेगळे आणि सहा माणसांत वेगळे, हे आपल्या कारभारणींना कुणी शिकवायला नको.

आपल्या देशात 'प्राइस' नावाची संशोधन संस्था आहे. तिने २०२०-२१ च्या किमतींनुसार वर्षाला पाच ते तीस लाख मिळवणाऱ्या कुटुंबांना मध्यमवर्ग म्हटले, आणि देशातली ३१ टक्के माणसे त्यात बसतात असे मांडले. सव्वा लाख ते पाच लाख यांना तिने 'वर चढू पाहणारे' असा गट दिला. पासबुक बघितले तर आमचे नमुन्याचे घर पाच लाख ओलांडून मध्यमवर्गात गेलेले दिसते. खरे उत्पन्न बघितले तर ते अजून जिन्याच्या मधल्या पायरीवर आहे. २०२०-२१ नंतर महागाई वाढली, तेव्हा पाच लाखांची ती पायरीही आज वर सरकलेली धरावी लागेल.

मघाचा एकरी ६४,००० चा आकडा आता काढा. निव्वळ उसावर पाच लाख राहायला किती रान लागेल? पावणेआठ-आठ एकर, सगळे पाण्याखाली, सगळ्यात ऊस. आणि महाराष्ट्रात शेतकऱ्याचे सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ च्या शेती गणनेत ४.२८ हेक्टर होते ते २०१५-१६ च्या गणनेत १.३४ हेक्टरवर आले. एकरांत सांगायचे तर साडेदहाचे सव्वातीन झाले. आपल्या कारखान्याच्या जुन्या भागधारकांचे शेअर आज किती वारसांच्या नावे फुटले आहेत हे शेअर खात्यात जाऊन बघावे. आजोबाचा एक शेअर आणि नातवंडांचे पाच सातबारे, अशी घरे प्रत्येक गटात आहेत. आजोबा बागायतदार होते म्हणून नातू बागायतदार, हा हिशेब मोडला आहे. नाव तेवढे चालू आहे.

याहून बोलका हिशेब कमाल जमीन धारणा कायद्याचा आहे. १९६१ चा हा कायदा पुढे १९७५ साली कडक झाला आणि बारमाही पाण्याच्या जमिनीला पाच माणसांच्या कुटुंबामागे १८ एकरांची मर्यादा आली. यापेक्षा जास्त म्हणजे मोठा जमीनदार, असा त्याचा अर्थ. आता अठरा एकर गुणिले चौसष्ट हजार करा. ११ लाख ५२ हजार होतात. २०२५-२६ सालापासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर नोकरदाराला आयकर भरावा लागत नाही, आणि ही सवलत मध्यमवर्गाला दिलेली म्हणून जाहीर झाली. म्हणजे कायद्याने बागायतदाराला जास्तीत जास्त जेवढे रान ठेवता येते, तेवढ्या सगळ्या रानातला ऊस मिळून शहरातल्या करमुक्त मध्यमवर्गाच्या वरच्या टोकालाही पोचत नाही. शेतीला आयकर नाही म्हणून आपल्याला नावे ठेवणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून बघावा. अर्थात ज्यांची मुख्य मिळकत दुसरीच आहे आणि जे ती शेतीच्या नावावर दाखवतात, त्यांची वकिली आम्ही करत नाही. त्यांच्यामुळेच खऱ्या शेतकऱ्याच्या दाखल्याकडे संशयाने बघितले जाते.

बाहेरचा पगार

मग ज्यांची घरे खरोखर मध्यम स्थितीत आली, ती कशाने आली? नीट बघितले तर बहुतेक ठिकाणी उसाच्या जोडीला बाहेरचा एक पगार दिसेल. एक भाऊ रानात, एक एमआयडीसीत. किंवा सून शाळेत शिक्षिका. हे काही आजचे नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ साली पुस्तक काढले. त्यांनी घरांचे तीन गट पाडले : निव्वळ जमिनीवर भागणारी, जमीन आणि बाहेरचे काम मिळून भागणारी, आणि दोन्ही मिळूनही न भागणारी. तिसरा गट सगळ्यांत मोठा निघाला. त्यांचे ते पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे आणि रानांच्या जागी इमारतींचे मजल्यावर मजले चढले आहेत, पण गटांची ती वाटणी कुठल्याही ऊसपट्ट्यातल्या गावाला आजही लावून बघता येते.

सरकारी पाहणीही तेच सांगते. २०१८-१९ साली देशातल्या शेतकरी कुटुंबाचे महिन्याचे सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये आले. त्यात पिकांपासून ३,७९८ आणि मजुरी-पगारातून ४,०६३. शेतकऱ्याच्याच घरात पिकापेक्षा पगार जास्त! नमुन्याच्या घरातला थोरला मुलगा शिकून महिना पंधरा हजारांवर लागला, तर १,८०,००० येतात. जवळजवळ तीन एकर उसाइतके, तेही हुमणी न लागता. म्हणून शिक्षणाच्या सवलतीचा मुद्दा आम्ही वर एवढा ताणून धरला. त्या घराला वरच्या पायरीवर नेणारा तोच एक रस्ता अनेकदा उघडा असतो.

पैसा येतो केव्हा?

आता एक गोष्ट, जी आकड्यात बसत नाही. शिक्षकाच्या घरी वर्षाला पावणेतीन लाख येतात ते बारा वेळा येतात. आपल्याकडे ते हंगामावर येतात. आडसाली लावली तर रान सोळा-सतरा महिने गुंतून पडते; मधल्या काळात किराण्याची वही, दुधाचा पगार आणि सोसायटी यांवर घर चालते. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर आपल्याकडे बिनव्याजी पडते, ही सवलत मोठीच. पण मुदतीला बिल जमा नसेल तर काय करतात? मार्चमध्ये सोसायटीच्या दारात 'नवं-जुनं' होतं. आठ दिवसांसाठी सावकाराकडून किंवा पाहुण्याकडून पैसे उचलायचे, जुने भरायचे, नवे उचलायचे आणि पाहुण्याचे परत करायचे. कागदावर थकबाकी नाही, आणि व्याज मात्र गेले.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. ऊस आल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाला तर १५ टक्के दराने व्याज द्यावे, असे त्यात आहे. हे कारखान्याच्या पत्रिकेत लिहायला काहींना अवघड वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. कारखाना सभासदांचा आहे आणि बिल वेळेवर पडणे हा सभासदाच्या घराचा प्रश्न आहे. तेच ३,२४,००० वेळेत आले तर घर मध्यम राहते, आणि तुकड्या-तुकड्यांनी लांबत आले तर तेच घर कर्जदार होते. दर टनाला किती, यावर आपल्या सभांत जेवढा आवाज होतो, तेवढा तो किती तारखेला, यावरही व्हायला हवा असे आमचे मत आहे.

जाता जाता एक सांगणे. आपण स्वतःला गरीब म्हणत असताना आपला ऊस तोडायला बैलगाडीत आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बिऱ्हाड घालून जी माणसे येतात, ती या कुठल्याच गणितात मध्ये-मागे कुठे नाहीत. आमचे नमुन्याचे घर मधल्या पायरीवर असेल, तर त्यांच्या पायाखाली जिनाच नाही. आपली गाऱ्हाणी मांडताना कोपी डोळ्यांआड करू नये.

आता कामाचे

लोणीचा प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले चेअरमन झाले डॉ. धनंजयराव गाडगीळ. त्यांच्या गोखले संस्थेने वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची पाहणी करून ती १९४० साली छापली होती. शेतकऱ्याचा हिशेब मांडणारा माणूस आपल्या सहकाराच्या उंबऱ्यावरच उभा होता. तो हिशेब आपण घराघरात उतरवला असता तर आजची निम्मी धावपळ वाचली असती. अजून वेळ गेलेली नाही.

उत्पन्नाचा दाखला एक वर्षाचा किंवा तीन वर्षांचा मिळतो. त्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो. तलाठ्याकडे जाताना नुसते ऊसबिल नेऊ नका. खताच्या पावत्या, बेण्याचे बिल, ट्रॅक्टरवाल्याची चिठ्ठी, लाइट बिल, पाणीपट्टी, सोसायटीचा उतारा हे सगळे एका पिशवीत वर्षभर साठवा आणि बरोबर न्या. मजुरीची पावती मिळत नाही. ती वहीत तारखेसह लिहून ठेवा. खोटा खर्च लिहू नका, त्याने खरा खर्चही खोटा ठरतो. घरच्या माणसांनी केलेले काम खर्चात धरायचे नाही. तो तुमचा स्वतःचा पगार आहे आणि तो उत्पन्नातच राहतो. शेती परवडते की नाही हे बघताना मात्र तो खर्चात धरावा, कारण तोच घाम दुसऱ्याच्या रानात गाळला तर रोजगार मिळतोच. हे दोन हिशेब निराळे आहेत. त्यांची गल्लत झाली की एकतर आपण उगाच श्रीमंत दिसतो किंवा उगाच कंगाल.

आडसालीवाल्यांनी आणखी एक करावे. ज्या वर्षी बिल आले त्याच वर्षाचे ते सगळे उत्पन्न, असे घरच्या हिशेबात धरू नये. सोळा महिन्यांचे पीक आहे, सोळा महिन्यांत वाटून बघावे. चारचाकीचा विचार त्या वाटलेल्या आकड्यावर करावा, बिलाच्या आकड्यावर नव्हे. आणि तो विचार करताना कारभारणीला शेजारी बसवावे. दुधाचा हिशेब तिच्या तोंडपाठ असतो, आणि किराण्याची उधारी किती साचली आहे तेही तिलाच ठाऊक असते.

फॉर्म भरताना 'उत्पन्न' या रकान्याखालची बारीक अक्षरे आधी वाचावीत : शेतीचे धरायचे की नाही, कोणत्या सालचे, कुणाकुणाचे. पोरांना वाचून दाखवायला सांगा, त्यांना येते. वरच्यासारखा हिशेब आपल्या आकड्यांनी मांडून ज्यांनी गट ऑफिसात आणून दिला, त्यांचा तो तपासून द्यायला शेतकी खात्यातली मंडळी तयार असावीत, अशी विनंती आम्ही या अंकाच्या निमित्ताने करीत आहोत. लागण आणि खोडवा वेगवेगळा लिहावा, आणि खुशालीचा रकाना सोडू नये.